पहिला पगार, कूलर आणि इतर खरेदी

बाबू,

मेसेज वाचला तुझा. पगार जमा झाला आणि तू विचारून राहिला की काका असं काय घेऊ ज्यात पैसे पाण्यात जाणार नाही. सोबत नो कॉस्ट ईएमआयवर, म्हणजे बिनव्याजी हप्त्यांवर, मिळणाऱ्या फोनची लिंक पण टाकली, ती पाहिली मी, फोन चांगला आहे, त्याचं नंतर बोलू.

मी कोणतीही वस्तू घेताना दोन गोष्टी पाहतो. रोज वापरात येईल का, आणि बिघडली तर आपल्या मोहल्ल्यात ती उघडून दुरुस्त करणारा कोणी आहे का. किंमत त्याच्यानंतर. माझ्या घरात जे काही पैसे वसूल करून गेलं ते सगळं या दोन चाळण्यांतून गेलेलं, आणि त्यात पहिला नंबर कूलरचा, हस नको.

तू पुण्यात शिकला म्हणून तुला इथला मे विसरायला झाला असेल. 2013 च्या मे महिन्यात नागपुरात पारा 47.9 वर गेला होता. (2024 ला एका ऑटोमॅटिक केंद्रानं 56 दाखवलं आणि देशभर बोंब झाली, मग कळलं सेन्सरच बिघडलेला, पण त्या दिवशी कोणाला खोटं वाटलं नाही यातच सगळं आलं.) अशा उन्हात वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत झोप होत नाही, आणि झोप झाली नाही तर नवीन नोकरीत तू काय दिवे लावणार?

एसी घे असं कोणी म्हणेल. दीड टनाचा एसी चालू असला की दीड हजार वॉटच्या आसपास खाते, मोठा लोखंडी कूलर दोन-अडीचशे वॉटमध्ये भागवते, आणि आपल्याकडची मेमधली हवा इतकी कोरडी की पाणी झटकन उडते आणि हवा खरंच गार होते. मुंबईत तोच कूलर लावला तर नुसती चिकचिक. इथं पण पाऊस लागला की त्याचा उपयोग संपला, मग नुसता पंखा म्हणून चालवायचा नाहीतर झाकून ठेवायचा. आणि एक गोष्ट अर्ध्या लोकांना कळत नाही, कूलर खोलीच्या आत ठेवून दारं खिडक्या लावून बसतात आणि म्हणतात थंडच होत नाही! अरे तो बाहेरची कोरडी हवा ओढायला आहे, खिडकीबाहेर स्टँडवर बसव आणि समोरचं दार जरासं उघडं ठेव, आत आलेल्या हवेला जायला वाट पाहिजे ना.

घेताना बॉडीचा पत्रा हातानं दाबून पाहा, मोटार कॉपर वायंडिंगची आहे का विचार, आणि होळीच्या आधी घे, एप्रिल लागला की कूलरवाल्याचा भाव आणि तोरा दोन्ही वाढते. याचं सगळं सुटं मिळते, पंप, कंडेन्सर, ताट्या (बाजूच्या भरलेल्या जाळ्या, ज्यांवरून पाणी झिरपते), सगळं. ताट्या तर घरीच भरता येते. जुनं वुडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, काढलं की जाळीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसलेला असते, तो तारेच्या ब्रशनं घासायचा, मग नवीन वुडवूल हातानं मोकळं करून सारखं पसरायचं, कुठं पातळ राहिलं की नेमकी तिथूनच गरम हवा घुसते. पहिल्या दिवशी पिवळं पाणी निघते, ते फेकून द्यायचं. थोडी खस टाकली तर वास मस्त येते पण टिकत नाही, हौस असेल तर टाक.

पाणी भरताना स्विच बंद नाही, प्लग काढायचा. लोखंडी बॉडीत करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं जातात. थ्री पिनमध्ये अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनला दाखव, त्याचे दोनशे रुपये घासाघीस न करता दे.

दुसरं हेल्मेट. ते दुरुस्त होत नाही, तिथं माझा नियम चालत नाही, म्हणूनच चांगलं घ्यायचं. आयएसआय मार्क आणि आयएस 4151 लिहिलेलं पाहा, रस्त्याच्या कडेला ढिगात मिळते ते फक्त चालान वाचवायला. एकदा आपटलं तर बाहेरून धडधाकट दिसलं तरी आतलं थर्माकोल दबलेलं असते, बदलून टाक. खाली सुती दुपट्टा बांधायचा. खिशातला कांदा आजीच्या समाधानासाठी, ठेव, वजन काय त्याचं.

गादी कापसाची घे. वर्षा-दोन वर्षांनी पिंजून घेतली की परत फुलते, फोमची बसली की बसली. कुकरचं फार डोकं लावू नको, ज्याची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळते तो घे.

बीएलडीसी पंख्याचं तू विचारलं होतं. साधा पंखा 75 वॉट, हा तीसच्या आत-बाहेर, 16 तास चालला तर महिन्याला वीसेक युनिट वाचते, आणि तुझा घरमालक सबमीटरवर युनिटचे पैसे घेते म्हणजे फायदा तुलाच आहे. पण आतलं सर्किट गेलं तर आपला मोहल्ल्यातला मिस्त्री हात वर करते, म्हणून वॉरंटी जास्त वर्षांची पाहून घे आणि बिल जपून ठेव. खोली सोडताना काढून न्यायचा, मालकाला भेट नाही द्यायची.

आता फोन. नो कॉस्ट ईएमआय म्हणे! बँक फुकट पैसे वाटायला बसली नाही, शून्य टक्के व्याज असं काही नसते हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याजाइतकी सूट दाखवते, मग क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्याच व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि वरून प्रोसेसिंग फी. तुझा आताचा फोन चालू आहे, बॅटरी उतरते एवढंच ना? बर्डीला, सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन बॅटरी बदल, बिल घे.

कूलर पाहायला रविवारी जाऊ, मी इतवारीच्या बाजारात यायला तयार आहे पण दहाच्या आत, नंतर ऊन सोसत नाही मला. खिडकीचं माप घेऊन ये, लांबी रुंदी दोन्ही, आणि भिंतीत स्टँड ठोकू देते का ते मालकाला आधी विचार.

काका