उपास, भाकर आणि पाळी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय २९, पीसीओडी (बीजकोशाचा विकार, पाळी लांबते) आहे. तीन महिन्यांपूर्वी भाकर, भात, साखर बंद केली. सकाळी कोरा चहा घेऊन निंदणाला जाते. ११ वाजता तीन अंडी, मेथीची भाजी, मूठभर फल्लीदाणे. संध्याकाळी सातला चून (पिठलं), काकडी, वाटीभर दही. बाकी वेळ तोंड बंद. वजन ७६ चं ६५ झालं. पहिले दोन महिने पाळी तारखेवर आली, आता ५० दिवस झाले तरी पत्ता नाही. केसही गळतात. कर्बोदकं अजून कमी करू का?
(एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : नका करू. लग्न झालं असेल तर आधी गर्भधारणेची चाचणी करा. पीसीओडीत वजन उतरलं की बीज पुन्हा सुटायला लागतं आणि ‘मला कुठे दिवस राहतात’ असं धरून चाललेल्या बाईला अशाच वेळी दिवस जातात.

चाचणी निगेटिव्ह आली तर तुमच्या ताटाकडे बघावं लागेल. पीसीओडीत रक्तात इन्सुलिन जास्त राहतं. त्याच्या दाबाने बीजकोश पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतो, बीज पिकत नाही, पाळी लांबते. कर्बोदकं कमी केली, इन्सुलिन उतरलं, पाळी आली. इथवर तुमचं बरोबर होतं. पण हे काम वजनाच्या ५ ते १० टक्क्यांत होतं. तुमच्या बाबतीत ४ ते ७ किलोत. तुम्ही ११ किलोवर गेलात, तेही तीन महिन्यांत.

आता पाळी थांबण्याचं कारण बहुधा वेगळं आहे, किंबहुना उलटं. तुम्ही लिहिलेलं जेवण मोजलं तर दिवसाला साडेआठशे-नऊशे कॅलरी भरतात, प्रथिनं जेमतेम ४० ग्रॅम. त्यातल्या ४०० तरी निंदणात जातात. उरलेल्या साडेचारशे-पाचशेत हृदय, मेंदू, यकृत, सगळं चालवायचं. चरबी सोडून तुमचं शरीर ४२ किलो धरू. कामाचा खर्च वजा जाता दर किलोमागे रोज साधारण ३० कॅलरी उरायला हव्यात. तुमच्या उरतात ११-१२. तीसचा आकडा काही काटेकोर रेषा नव्हे, पण तुम्ही तिच्या जवळपासही नाही. घरात दाणा नाही हे मेंदूला कळतं आणि तो बीजकोशाला जाणारा निरोप मंद करतो. म्हणजे लक्षण तेच, पाळी चुकणं. पण आधी ते इन्सुलिन जास्त म्हणून होतं, आता अन्न कमी म्हणून आहे. पहिल्याचा उपाय दुसऱ्यावर केला की दुखणं वाढतं.

निंदण-डवरणीच्या दिवसांत १६ तासांचा उपास सोडा. रात्री सात ते सकाळी सात, १२ तास पुरे. वावरात जाण्याआधी ज्वारीची एक भाकर, ६० ग्रॅम पिठाची, चून किंवा जवसाच्या चटणीसोबत. घरी काटा असेल तर एकदा पीठ तोलूनच बघा. आपल्याकडची हाताएवढी भाकर सहज ९० ग्रॅमची निघते. ११ चं जेवण आहे तेच ठेवा. दुपारी आणखी एक मूठ दाणे आणि मीठ घातलेलं ताक. संध्याकाळी दुसरी भाकर, भाजीत ३० ग्रॅम सोयाबीनची वडी (तिच्यात १५ ग्रॅम प्रथिनं येतात) आणि दोन चमचे जास्तीचं तेल. हे सगळं १६०० कॅलरींच्या आसपास जातं, प्रथिनं ७० च्या वर. कर्बोदकं तरीही १३०-१४० ग्रॅमच होतात, म्हणजे तीन भाकरी आणि दोन वेळच्या भातापेक्षा बरीच कमी. दोन महिने वजन हललं नाही तरी हलवायला जाऊ नका. पुढे उतरवायचंच झालं तर आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नको. घाईने उतरवलेल्या वजनात पित्ताशयात खडे होतात, ते निराळंच.

मीठ मात्र मुद्दाम लिहितो. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवत नाही. त्यात वावरातला घाम. पायात गोळे येणं, उठताना अंधारी येणं याला लोक ‘कमजोरी’ म्हणतात. पुष्कळदा तो मिठाचा तुटवडा असतो.

केस वजन झपाट्याने उतरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि पोट भरायला लागल्यावर साधारण सहा महिन्यांत थांबतात. तेवढ्यात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. पाळीला ९० दिवस झाले तर टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) हेही. रिपोर्टात टी-३ (थायरॉईडचं संप्रेरक) कमी आणि टीएसएच नॉर्मल दिसलं तर लगेच थायरॉईडची गोळी मागू नका. कमी खाण्यात शरीर मुद्दाम टी-३ कमी बनवतं, ती काटकसर असते.

प्रश्न : घरी आम्ही लो-कार्ब (कमी कर्बोदकांचं) जेवतो. श्रावणात मात्र सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपास असतात आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी वजन पाऊण किलो वाढलेलं दिसतं. दिवसभर एकदाच तर खातो.
(एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्याची एक ताट उसळ म्हणजे कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, त्यात एक आलू. कर्बोदकं झाली ८० ते ८५ ग्रॅम, ज्वारीच्या दोन भाकरींइतकी. प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटाची. साबुदाण्यात ती नावालाच असतात, कारण तो कंदाचा निव्वळ स्टार्च. कर्बोदकं रिकाम्या यकृतात आणि स्नायूंत साठतात, तेव्हा एका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणीही साठतं. वर उपासाचा चिवडा खाल्ला तर त्यातलं मीठ. ते पाऊण किलो पाणी आहे, चरबी नव्हे. दोन-तीन दिवसांत जातं.

नेम मोडायची गरज नाही. ५० ग्रॅम भगर शिजवा, त्यावर दाण्याची आमटी (दाणे ३० ग्रॅम), सोबत दही आणि काकडी. कर्बोदकं ४० च्या आसपास राहतात. आणखी कमी हवी असतील तर भगर वगळून पनीर, ओलं खोबरं, दाणे, दही. घरच्या रीतीत काय चालतं ते तुम्ही जाणता. शिंगाड्याचं पीठही स्टार्चच आणि राजगिऱ्याच्या लाडवात गूळ, हे दोन्ही ‘हलकं’ म्हणून फसवतात.

प्रश्न : वय ५२. शुगरसाठी सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड एकत्र असलेली गोळी घेतो. महिनाभरापासून भाकर बंद आहे. ११ च्या सुमारास वावरात हात थरथरतात, घाम फुटतो. नवरात्रात नऊ दिवस फक्त दुधावर राहायचा विचार आहे.
(एक वाचक, ता. चिखली, जि. बुलडाणा)

उत्तर : थरथर म्हणजे शुगर उतरते आहे असं धरून चला. ग्लिमेपिराईड जेवण बघत नाही. तुम्ही खा वा न खा, ते स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतंच. भाकर बंद केली तेव्हाच डोस बदलायला हवा होता. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, घटस्थापनेची वाट पाहू नका.

तोवर ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी, ११ वाजता आणि रात्री जेवणाआधी शुगर लिहून ठेवा. डॉक्टरांना तोच कागद कामी येतो. ७० च्या खाली दिसली किंवा यंत्र जवळ नसताना थरथर आली तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्या, १५ मिनिटं बसा, पुन्हा तपासा. मग काहीतरी खा. थरथर आली असता साखरेऐवजी गूळ-दाणे खाऊ नका. दाण्याच्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. वावरात एकटे जाऊ नका, साखरेची पुडी खिशात ठेवा.

नऊ दिवस दुधावर राहणं या गोळीसोबत धोक्याचं आहे. ज्यांच्या गोळीचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतं (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) त्यांनी कडक लो-कार्ब किंवा लांबचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. त्यात शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचतं. उलट्या, पोटदुखी, श्वास लागला की थेट दवाखाना. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते स्वतःहून बंद करू नये.

प्रश्न : थायरॉईडची गोळी उपासाच्या दिवशी घ्यावी का?
(एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : घ्यावी, साध्या पाण्यासोबत, चहाच्या तासभर आधी. सोयाबीनची वडी, कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवा.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, सिकलसेल (एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून आलेला रक्ताचा आजार) आहे. वजन वाढलं म्हणून निर्जळी उपास करते म्हणते. तिचं एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ४.६ आलं, म्हणजे शुगरची काळजी नाही ना?
(एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : निर्जळी अजिबात नको. अंगातलं पाणी कमी झालं की तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नसांत अडकतात आणि हाडं-छाती दुखण्याचा झटका येतो. वजन कमी करायचं तर तेल-साखर कमी करून, तिन्ही वेळा जेवून, दिवसाला तीन लिटर तरी पाणी पीत. उन्हाळ्यात त्याहून जास्त.

एचबीए१सीवर मात्र विसंबू नका. ही तपासणी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते असं धरून चालते. सिकलसेलमध्ये ती फार लवकर मरते, म्हणून आकडा खोटा कमी येतो. तिची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर तपासा. उपाशीपोटीची १०० च्या खाली आणि नंतरची १४० च्या खाली आली तर वर्षाने पुन्हा.