मुलाखतीला कोट घालू का?

प्रश्न : हिंजवडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत आहे. तिथे सगळे टी-शर्टात असतात म्हणे. मीही तसाच जाऊ की कोट घालू? (संगणक अभियंता, नांदेड)

दोन्ही नको. तिथली माणसं रोज जे घालतात, त्याच्या एकच पायरी वर राहा: इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, साधी पॅण्ट, बूट. समोरचा टी-शर्टात बसलाय म्हणून तुम्हालाही तशी मुभा मिळत नाही, त्याची नोकरी लागून झालेली असते. शंका असेल तर एचआरला फोन करून सरळ विचारा. त्यावरून कुणी नापास करत नाही.

प्रश्न : चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेनी इंजिनिअरसाठी बोलावलंय. आई म्हणते, नवा पंजाबी ड्रेस आणि हातभर बांगड्या घाल. (डिप्लोमा मेकॅनिकल, बारामती)

ड्रेसबद्दल आईचं ऐका, बांगड्या घरी ठेवा. ओढणीही. कारखान्यातली मुलाखत केबिनमध्ये सुरू होते, पण मध्येच कुणीतरी म्हणतं, "चला, लाइन बघून येऊ." फिरत्या मशिनजवळ लोंबणारं काहीही धोक्याचंच. कुर्ता-पॅण्ट किंवा शर्ट-पॅण्ट, केस घट्ट बांधलेले, पुढून बंद असलेले सपाट बूट. टाच नको, लोखंडी जाळीच्या जिन्यात ती अडकते. मुलग्यांनो, टायचंही तेच. भरतीच्या पॅनेलवर असताना मी एका मुलाला पाहिलं होतं. मशिन चालतात त्या शॉपच्या दारात कुणी सांगायच्या आधीच त्याने टाय काढून खिशात घातला. पुढचे निम्मे प्रश्न आम्ही त्याला विचारलेच नाहीत.

प्रश्न : जुलैमध्ये मुंबईत खासगी बँकेत मुलाखत आहे. चुलतभावाचा लग्नातला कोट मिळतोय. विरारहून लोकलने जायचंय. (बीकॉम, विरार)

बँकेत कोट शोभतो, पण उसना कोट आधी खांद्याला तपासा. बाही लांब असेल तर शिंपी आखूड करून देईल, खांदा उतरला असेल तर तो सहसा हात लावणार नाही. कोट चमचमता किंवा जरीकाठाचा असेल, तर नकोच. नीट बसणारा पांढरा शर्ट, गडद पॅण्ट आणि टाय एवढं बँकेला पुरतं. (नवा कोट घेतलात तर मागच्या फटीवरचा फुलीचा टाका उसवा आणि बाहीवरचं लेबल काढा. ते मिरवायचं नसतं.)

आता लोकल. सकाळच्या गर्दीत कोट अंगावर ठेवू नका, उलटा करून हातावर घ्या. फिकट निळ्या किंवा करड्या शर्टावर घाम लगेच दिसतो, पांढऱ्यावर कमी. आत बनियन हवंच. पावसात सॅण्डल घालून निघा. बूट-मोजे पिशवीत ठेवा आणि उतरल्यावर बदला. अर्धा तास आधी पोहोचा, घाम वाळायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न : शिक्षिकेच्या मुलाखतीला साडीच नेसावी का? मी रोज नेसत नाही. (बीएड, सातारा)

सक्ती नाही. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाबाबत सूचना दिल्या. त्यात साडीबरोबर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा चालतो, जीन्स-टी-शर्ट नाही. तरी जुन्या संस्थेत जाणार असाल, तर एकदा शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहून तिथल्या बाई काय घालतात ते बघा. साडीच ठरली तर सुती किंवा हलकी घ्या, पैठणी कपाटात राहू दे. आदल्या दिवशी ती नेसून भिंतीवर वरपर्यंत हात नेऊन पाहा. नमुना पाठ घ्यायला सांगितला, तर फळ्यावर लिहिताना पदर सांभाळत बसायला नको.

प्रश्न : व्हिडिओ मुलाखतीत फक्त शर्ट चांगला असला तर चालेल ना? (पुणे)

चार्जर काढायला उठलात तर? पॅण्ट घाला. आणि बारीक चौकडीचा शर्ट नको, कॅमेऱ्यात तो लुकलुकतो.