इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या रस्त्यांच्या नावांत ‘गेट’ का येतं? तेही आपल्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या पहिल्या-दुसऱ्या रेल्वे गेटसारखंच का?

नाही, शब्द दोन आहेत. टिळकवाडीतलं गेट म्हणजे फाटक. ते जुन्या इंग्रजीतल्या ‘गेअट’वरून आलं, अर्थ भिंतीतली किंवा कुंपणातली मोकळी वाट. गंमत म्हणजे एकवचनात या शब्दाचा उच्चार ‘य’ने सुरू व्हायचा, अनेकवचनात ‘ग’ने. आजच्या शब्दात ‘ग’ राहिला.

यॉर्कचं स्टोनगेट मात्र ‘गाता’ या जुन्या नॉर्स शब्दातलं, म्हणजे रस्ता. नवव्या शतकात तिथं व्हायकिंग वसले, त्यांची ही देणगी. म्हणून स्टोनगेटमध्ये दरवाजा शोधू नका. उलट मिकलगेट म्हणजे ‘मोठा रस्ता’, आणि त्याच्या टोकाला जी खरीखुरी वेस आहे तिला म्हणतात मिकलगेट बार! तिथं वेशीला ‘बार’ म्हणायची पद्धत आहे. घोळ होतो तो इथंच.

घोटाळ्यांच्या नावांमागचं ‘गेट’ 1972 च्या वॉटरगेट प्रकरणातलं. ते वॉशिंग्टनमधल्या इमारतींचं नाव. आणि इंजिनिअरिंगची पोरं देतात ती गेट परीक्षा नुसती आद्याक्षरं, तिचा फाटकाशी काही संबंध नाही.