कायदेशीर द्वंद्वयुद्धावर उभा असलेला समाज विज्ञानकथेत पटेल का?

नक्की पटेल, कारण असा कायदा खरोखर होता. उरुग्वेत १९२० ते १९९२ द्वंद्वयुद्ध कायदेशीर होतं. १९२० मध्येच माजी राष्ट्राध्यक्ष होसे बात्ये यांनी वॉशिंग्टन बेल्त्रान या खासदार-पत्रकाराला द्वंद्वात गोळी घालून मारलं, आणि त्याच वर्षी कायदा आला. गंमत म्हणून लढता यायचं नाही. आधी तिघांचं मंडळ बसायचं आणि अपमान खरंच तेवढा मोठा आहे का, ते ठरवायचं.

माझ्या मते तुमची गोष्ट तलवारीत नाही, या मंडळात आहे.

मी खानापूरकडचा. आमच्या जत्रेतल्या कुस्त्या लहानपणापासून बघतोय. हलगी नंतर वाजते, आधी जुने वस्ताद जोड लावतात. दोन पोरं शेजारी उभी करायची, खांदे बघायचे, मान चाचपायची. जोड विजोड दिसली की वस्ताद मान हलवतो, आणि पोरगं गप लंगोट गुंडाळून मागं सरतं. ते कुणी मोडत नाही.

आता दोनशे वर्षांनंतरचं खानापूर घ्या. पाण्याच्या पाळीवरून तंटा, निकाल द्वंद्वात. जोड यंत्र लावतं, आणि ते श्रीमंताच्या बाजूनं झुकलंय. हे फक्त एका म्हाताऱ्या वस्तादाच्या नातीला कळतं, कारण मान चाचपायची कशी हे तिला आजोबांनी शिकवलंय. साहस तिथनं सुरू करा. मरणाला वजन द्या मात्र, पहिल्याच प्रकरणात चार मुडदे पाडू नका.