कार्डाचा फोटो हॉटेलनं काढला, भुर्दंड मी का सोसू?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही कोकणात चार दिवस राहून आलो. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलानं ‘डिपॉझिटसाठी लागतो’ म्हणत माझ्या क्रेडिट कार्डाचा पुढून-मागून मोबाइलवर फोटो काढला. एकोणीस दिवसांनी पहाटे परदेशी वेबसाइटवर तीन व्यवहार झाले, एकूण 41,300 रुपये. ओटीपी आलाच नाही. सकाळी मेसेज दिसताच बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. बँक म्हणते, कार्ड तुमच्याच ताब्यात होतं. हॉटेलवाले म्हणतात, असे फोटो रिसेप्शनच्या ग्रुपवर टाकतात, पण तो मुलगा आता नोकरीत नाही. मी शिक्षिका आहे, एवढी रक्कम मला परवडणारी नाही. दाद कुणाकडे मागू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांकडेही, पण वेगवेगळ्या वाटांनी.

आधी बँक. तुम्ही त्याच सकाळी कळवलंत, हे फार मोलाचं काम केलंत. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानं घालून दिलेला नियम असा, की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुणाची असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एक रुपयाही येत नाही. चूक तुमची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. ‘कार्ड ताब्यात होतं’ हे काही उत्तर नव्हे. परदेशी वेबसाइटवर अनेकदा ओटीपीविनाच, नुसत्या नंबर, मुदत आणि सीव्हीव्हीवर (कार्डामागचा तीन आकडी नंबर) पैसे कापले जातात, हे बँकेला चांगलं ठाऊक असतं.

बँक म्हणेल, फोटो तुम्हीच काढू दिलात. तुमच्या बाजूतला हा कच्चा दुवा आहे, तो झाकून मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पण बिल भरायला कार्ड दुकानदाराच्या हाती देणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असं ठामपणे लिहा. गुवाहाटी उच्च न्यायालयातलं एक प्रकरण सोबत जोडा. एका कपड्यांच्या ब्रँडच्या वेबसाइटवरून ग्राहकांची माहिती फुटली. तिच्याच आधारे आलेल्या भामट्याच्या फोनला फसून एका ग्राहकानं मोबाइलवर ॲप घेतलं आणि 94 हजारांवर रक्कम गेली. त्यानं 24 तासांत बँकेला कळवलं होतं. न्यायालयानं पैसे स्टेट बँकेला भरायला लावले आणि जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बँकेची याचिका फेटाळली.

आता हॉटेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ सांगतं, की ग्राहकाची संवेदनशील माहिती हाताळताना वाजवी सुरक्षा ठेवली नाही आणि त्यातून नुकसान झालं, तर व्यावसायिकानं भरपाई द्यायची. कार्डाचा तपशील हा संवेदनशील माहितीत मोडतो, असं 2011 च्या नियमांत स्पष्ट आहे. एकट्या मालकाचं छोटं हॉटेलही यातून सुटत नाही. मुलगा नोकरी सोडून गेला म्हणून मालकाची जबाबदारी त्याच्याबरोबर जात नाही.

मात्र एक मेख आहे. ती माहिती व्यावसायिकाच्या ताब्यातल्या संगणकीय साधनात असायला हवी. फोटो मुलाच्या खासगी मोबाइलपुरता असता, तर हॉटेलनं हात वर केले असते. म्हणूनच ‘रिसेप्शनच्या ग्रुपवर टाकतात’ हे त्यांचं वाक्य मला इतकं महत्त्वाचं वाटतं. तो ग्रुप हॉटेलच्या कामासाठी हॉटेलच चालवतं. हे त्यांच्याकडून लेखी यावं म्हणून आजच ईमेल करा : फोटो कुणाकुणाकडे गेला, कधी पुसला, आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवा. हे चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं, तेव्हा उशीर नको. सीव्हीव्ही व्यवहारानंतर साठवायला कार्ड कंपन्यांच्या सुरक्षा नियमांतच बंदी आहे, हेही त्यात घाला.

भरपाईचा अर्ज राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे करायचा. पाच कोटींपर्यंतचे दावे तेच न्यायनिर्णय अधिकारी म्हणून ऐकतात. 2013 मध्ये याच पदावरून राजेश अग्रवाल यांनी पुण्यातल्या एका खातेदाराला 45 लाख रुपये द्या, असा आदेश पंजाब नॅशनल बँकेला दिला होता, आणि तो खातेदार तर फसव्या ईमेलला उत्तर देऊन बसला होता. आपल्याकडे हा दरवाजा फारच थोडे लोक ठोठावतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि तो बंद व्हायच्या मार्गावर आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ढिलाईबद्दल 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातून काही मिळत नाही. उलट त्याच कायद्यानं कलम 43अ वगळलं जाणार आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि हा भाग त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतो. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. तुम्ही थांबू नका.

प्रश्न : माझं साड्यांचं दुकान आहे, ऑनलाइनही विकतो. वेबसाइट बाहेरचा मुलगा सांभाळतो. त्याच्याकडून ग्राहकांची माहिती फुटली तर मी जबाबदार?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हो. काम बाहेर दिलं तरी नव्या कायद्यात उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदारानं पूर्ण कार्ड नंबर साठवायचाच नाही, फार तर शेवटचे चार आकडे. जुन्या ऑर्डरींच्या एक्सेल फायलीत नंबर पडून असतील तर या आठवड्यात पुसून टाका. माहिती फुटल्याचं कळलं तर सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं बंधनकारक आहे. त्या मुलाशी लेखी करार नसेल तर तो आधी करा आणि ‘काही गडबड दिसली तर त्याच तासाला मला फोन’ हे वाक्य त्यात असू द्या.