फेस आला म्हणजे मळ गेला, असं नाही

या महिन्यात तुमची बरीच पत्रं एकाच विषयावर आली. तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या न आणता, कमी खर्चात आणि पाण्या-मातीला त्रास न देता घर स्वच्छ कसं ठेवायचं? मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि घरही स्वतःच्या हातांनीच पुसत आले, त्यामुळे या पत्रांना उत्तरं द्यायला मला मनापासून आवडलं.

प्रश्न : बाई, शेगडीमागच्या टाइल्सवर मी खाण्याचा सोडा टाकते आणि वरून व्हिनेगर ओतते. फेस भरपूर येतो, पण तेलाचा चिकट थर तसाच राहतो. माझं प्रमाण चुकतंय का?

प्रमाण नाही, जोडीच चुकते आहे. व्हिनेगर आम्ल आहे, सोडा त्याच्या विरुद्ध स्वभावाचा, म्हणजे अल्कली. दोघं एकत्र आले की एकमेकांचा जोर संपवतात. तुम्हाला दिसतो तो फेस म्हणजे हवेत निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड. मागे उरतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक सौम्य लवण. त्यानं तेलाचा थर हलत नाही. वर्गात हा प्रयोग झाला की मी मुलांना निळा लिटमस कागद बुडवायला सांगायचे. आधी व्हिनेगरमध्ये लगेच लाल होणारा तो कागद पुरेसा सोडा पडल्यावर लाल होईनासा व्हायचा. मुलांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असायचे, कारण सगळ्यांना फेसातच ताकद आहे असं वाटलेलं असायचं.

तेलकटपणाला हवा धुण्याचा सोडा. खाण्याच्या सोड्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणा सांगणारा आकडा) साधारण ८, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. हा आकडा एकानं वाढला की अल्कलीपणा दहापट वाढतो, म्हणजे दोघांतलं अंतर किती मोठं आहे ते लक्षात येईल. गरम पाण्यात धुण्याचा सोडा तेल सुटं करतो आणि त्यातल्या थोड्याचा तर चक्क साबणच बनवतो.

लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडा विरघळवा. हातमोजे घाला, कारण तो कातडीवरचं तेलही काढतो. जुनं सुती फडकं त्यात भिजवून थोडं पिळा आणि टाइल्सवर चिकटवून ठेवा. आता पंधरा मिनिटं त्याला हात लावू नका. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि मग जोर लावून घासत बसतात. फडकं काढताना थर त्याच्याबरोबर पिवळट होऊन येतो. उरलेला त्याच फडक्यानं पुसा आणि शेवटी साध्या पाण्याचा हात फिरवा. ॲल्युमिनियमला मात्र हे पाणी लावू नका, ते काळं पडतं. पॉलिश केलेल्या लाकडालाही नको.

धुण्याचा सोडा मिळत नसेल तर तो घरी करता येतो. खाण्याचा सोडा ताटात पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरतात. वजन करून बघा. वजन उतरलं नसेल तर तो अजून तयार झालेला नाही.

आणि तुंबलेल्या बेसिनमध्ये सोडा-व्हिनेगर ओतणाऱ्यांनाही हेच उत्तर. केसांचा गुंता फेसानं निघत नाही, तो तारेचा आकडा घालून ओढूनच काढावा लागतो.

प्रश्न : नळांवर आणि शॉवरच्या जाळीवर पांढरा खरखरीत थर बसतो. घासून घासून नळाची चकाकी गेली, थर मात्र आहेच.

घासणं आजपासून बंद करा. तुमचं पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त आहे. ते वाळताना त्यात विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन मागे राहतो. हा मळ नव्हे, दगडच आहे. साबण किंवा सोडा त्याला काही करत नाही. इथे व्हिनेगर खरं उपयोगी पडतं. फडकं व्हिनेगरमध्ये भिजवा, नळाभोवती गुंडाळा, रबर लावा आणि अर्धा तास थांबा. कान जवळ नेलात तर बारीक चुरचुर ऐकू येते, दगड विरघळतोय त्याची. मग धुऊन कोरडं पुसा. शॉवरची जाळी निघत असेल तर वाटीत बुडवून ठेवा. वास नको असेल तर अर्धा लिटर पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक ॲसिड घ्या. सोनेरी मुलामा दिलेल्या नळांवर यातलं काहीच वापरू नका.

आता एक कळकळीची सूचना. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. हे मी हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल, आणि तरीही एका रात्री कापलेलं अर्धं लिंबू माझ्याच घरच्या संगमरवरी ओट्यावर पालथं राहिलं. सकाळी तिथे फिकट, निस्तेज वर्तुळ होतं. मी ते पुसलं, साबणानं धुतलं, आणि बोट फिरवल्यावर कळलं की हा डाग नाहीच, तिथला दगड किंचित खाली गेला आहे. असं वर्तुळ पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. माझ्या ओट्यावर ते अजून आहे. संगमरवराला फक्त कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण.

प्रश्न : आरशावर रेघा राहतात. कोणता स्प्रे आणू?

कोणताच नको. ओलसर सुती फडकं फिरवा आणि लगेच दुसऱ्या अगदी कोरड्या फडक्यानं पुसा. रेघा बहुतेक वेळा जास्तीच्या साबणाच्याच असतात.

प्रश्न : घरात लहान बाळ आहे. जंतू राहू नयेत म्हणून मी संडास धुताना ॲसिडचं क्लीनर आणि ब्लीच दोन्ही टाकते. हल्ली धुताना खोकला येतो. काही नैसर्गिक उपाय सुचवाल?

ताई, उपायाचं नंतर बघू. आधी हे दोन्ही एकत्र टाकणं आजच थांबवा. ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरिन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्र इथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तुमचा खोकला त्याचाच असण्याची दाट शक्यता आहे. व्हिनेगर नैसर्गिक म्हणून ब्लीचमध्ये चालेल असंही समजू नका, तेही आम्लच. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनरही ब्लीचजवळ नेऊ नका. चुकून मिसळलं गेलं तर साफ करत बसू नका. बाळाला घेऊन बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला किंवा दम थांबला नाही तर लगेच डॉक्टरांकडे जा.

रोजच्या स्वच्छतेला साबण, पाणी आणि ब्रश पुरतात. साबण जंतूंना पृष्ठभागावरून सोडवतो आणि ते पाण्याबरोबर वाहून जातात. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तेव्हा जंतुनाशक जरूर वापरा, एकटं वापरा, खिडकी उघडी ठेवून वापरा. आधी साबणानं मळ धुऊन काढा, कारण मळावर ब्लीच वाया जातं. मग बाटलीवर लिहिली असतील तितकी मिनिटं ते ओलं राहू द्या. व्हिनेगरवर जंतुनाशक म्हणून विसंबू नका. तुमचं बाळ रांगायला लागलं असेल, म्हणून हे इतकं बजावून सांगते.

प्रश्न : बाई, मी पहिल्यांदाच एकटा राहतो आहे. पैसे कमी, जागाही कमी. कमीत कमी काय घेऊ?

भांड्यांचा साबण, धुण्याचा सोडा, व्हिनेगर, एक ब्रश आणि जुन्या टी-शर्टची फाडलेली पाच-सहा फडकी. टी-शर्ट सुती असू दे, कृत्रिम धाग्याचे बारीक तंतू धुताना सांडपाण्यात जातात. संडासाचं फडकं वेगळं ठेव, त्याचा एक कोपरा कापलास तर चुकून ओट्यावर येणार नाही. सोडा आणि व्हिनेगर पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नकोस. पांढरी पावडर भरलेल्या प्रत्येक डब्यावर नाव लिही, झाकणावर नाही, अंगावर. झाकणं बदलतात.