कोण सांगतंय आणि कधी सांगतंय

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची पुस्तकांची यादी मिळाली. खुनाच्या रहस्यकथा सगळ्यांत जास्त, त्यांच्या खालोखाल हेरकथा, आणि तळाशी घरच्यांच्या आग्रहाखातर घेतलेली दोन नॉनफिक्शन, म्हणजे खऱ्या घटनांवरची पुस्तकं. ती दोन्ही अर्ध्यावर सुटली असं लिहिलंस आणि विचारलंस, ‘बाई, गोष्टींची पुस्तकं सोडून आता खरी पुस्तकं वाचायला लागू का?’

सोडू नकोस. रहस्यकथा वाचून तुझी जी नजर तयार झाली आहे, तीच घेऊन नॉनफिक्शनकडे जा. बहुतेक वाचक चपला काढाव्यात तशी ती नजर दाराबाहेर काढून ठेवतात आणि आत गेल्यावर छापलेलं सगळं खरं धरून चालतात. आपल्याकडे रहस्यकथेला कायम खालच्या पंगतीला बसवलं गेलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांसाठी वाचनालयाची पायरी चढलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातली कितीतरी पुढे इतिहासाची जाड पुस्तकं वाचू लागली. त्यांच्या वाचनाचा पाया कच्चा होता असं मला कधीच वाटलं नाही.

रहस्यकथेत लेखक आणि वाचक यांच्यात एक करार असतो. लंडनमध्ये १९३० साली रहस्यकथाकारांनी डिटेक्शन क्लब स्थापन केला, जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे, आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही, हे त्या शपथेतलं एक कलम होतं. अगाथा क्रिस्ती याच मंडळीतल्या. त्यांच्या कथांमधली विषं इतकी बिनचूक का, तर पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात औषधं तयार करून देण्याचं काम त्यांनी केलं होतं. रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनावरची त्यांची १९२६ची कादंबरी तुझ्या यादीत दिसली नाही. ती वाच, शेवट कुणाकडूनही ऐकू नकोस, आणि शेवटचं पान झालं की त्याच दिवशी पहिलं प्रकरण पुन्हा उघड. धागे सगळे समोरच होते, आपण वाचताना काय काय गृहीत धरत गेलो हे तेव्हा कळतं.

हेरकथेत हा करार नसतो. तिथं खोटं बोलणं हाच पात्रांचा पेशा. जॉन ल कारे या नावानं लिहिणारे डेव्हिड कॉर्नवेल स्वतः एमआय५ आणि एमआय६ या दोन्ही ब्रिटिश गुप्तचर संस्थांमध्ये नोकरी करून आलेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत बंदुकीपेक्षा फायली आणि बैठका जास्त. तुला ती कंटाळवाणी वाटली असं लिहिलंस. जरा थांब. किम फिल्बीची हकिकत वाचलीस की त्या बैठकांमध्ये कसला जीवघेणा खेळ चालतो ते ध्यानात येईल. फिल्बी एमआय६मधला वरिष्ठ अधिकारी आणि सोव्हिएत संघाचा हेर. १९५१ साली त्याचे साथीदार बर्जेस आणि मॅक्लीन पळाले तेव्हा संशय त्याच्यावरही आला. १९५५मध्ये परराष्ट्रमंत्री मॅकमिलन यांनी संसदेत त्याला निर्दोष ठरवलं, आणि लगेच त्यानं आईच्या फ्लॅटमध्ये पत्रकारांना बोलावून हसतमुखानं सगळं नाकारलं. जानेवारी १९६३मध्ये तो बैरूतहून नाहीसा झाला आणि मॉस्कोत निघाला. १९६८ साली त्याचं आत्मकथन आलं. प्रस्तावना ग्रॅहॅम ग्रीन यांची, जे युद्धकाळात त्याच्याच हाताखाली काम करत होते. हे आत्मकथन दुकानात नॉनफिक्शनच्या फळीवर असतं. आयुष्यभर खोटं बोलण्यात तरबेज झालेल्या माणसानं, मॉस्कोत राहून लिहिलेलं पुस्तक! अशा पुस्तकावर ‘सत्यकथा’ असा शिक्का असला म्हणून तू निःशंक होणार का?

मी सध्या काय वाचते आहे हेही विचारलंस. एकच प्रकरण, पण निरनिराळ्या वर्षी लिहिलं गेलेलं. तुझ्या यादीतले तिन्ही प्रकार त्यात एकाला एक लागून येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बॅसिल थॉमसन नावाचे गृहस्थ स्कॉटलंड यार्डमध्ये गुन्हे तपासाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर ते रहस्यकथा लिहू लागले. १९३७च्या त्यांच्या एका कादंबरीत मृतदेहाजवळ बनावट कागदपत्रं सापडतात. सप्टेंबर १९३९मध्ये, युद्ध नुकतंच सुरू झालेलं असताना, ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर प्रमुखांच्या नावानं एक टिपण निघालं. त्यात शत्रूला फसवण्याच्या अनेक युक्त्या होत्या. टिपण प्रत्यक्षात त्यांचे मदतनीस इयन फ्लेमिंग यांनी लिहिलं असं मानलं जातं. हो, जेम्स बाँडवाले तेच. अठ्ठाविसावी युक्ती थेट थॉमसनच्या कादंबरीचा हवाला देऊन लिहिलेली: वैमानिकाच्या वेशातलं प्रेत, खिशात खोटे कागद, आणि ते शत्रूच्या किनाऱ्यावर सोडायचं.

१९४३ साली दोस्त राष्ट्रांना सिसिलीवर उतरायचं होतं आणि जर्मनांना वाटायला हवं होतं की हल्ला ग्रीस आणि सार्डिनियावर होणार. एमआय५मध्ये काम करणारे हवाई दलाचे अधिकारी चार्ल्स चमली यांनी तीच प्रेताची कल्पना पुढे आणली आणि नौदलाच्या गुप्तचर विभागातले बॅरिस्टर यूएन मॉन्टेग्यू त्यांच्या जोडीला आले. ‘मेजर विल्यम मार्टिन’ हा माणूस कागदावर जन्माला आला.

त्याचे खिसे कसे भरले ते बघ. नाटकाच्या तिकिटांचे फाडलेले तुकडे. वाङ्‌निश्चयाच्या अंगठीचं सराफाचं बिल. खात्यात होते त्यापेक्षा ७९ पौंडांहून जास्त काढले आहेत म्हणून बँकेचं कडक पत्र. किल्ल्या, पेन्सिलीचा तुकडा, ‘पॅम’ या वाग्दत्त वधूचा फोटो आणि तिची प्रेमपत्रं. फोटो गुप्तचर विभागातल्या एका कारकून मुलीचा, पत्रं लिहिलेली तिसऱ्याच बाईंनी. कपड्यांवर रेशनिंग होतं, म्हणून आतले कपडेसुद्धा ऑक्सफर्डच्या एका दिवंगत इतिहासकाराचे मिळवले. पैशाची ओढाताण आणि ठरलेलं लग्न, एवढ्यावर माणूस उभा राहिला. कादंबरीकार पात्र असंच उभं करतो, फरक इतकाच की इथला वाचक बर्लिनमध्ये बसलेला होता.

३० एप्रिल १९४३च्या पहाटे सेराफ या पाणबुडीतून देह स्पेनच्या वेल्वा गावाजवळ समुद्रात सोडला. स्पेन तटस्थ म्हणवत होता, पण तिथले अधिकारी जर्मनांना आतून सामील होते. त्यांनी लाखेची मोहोर न मोडता देहासोबतच्या लिफाफ्यातलं, हल्ल्याची खोटी दिशा सांगणारं पत्र एका बारीक काडीवर गुंडाळून बाहेर काढलं, जर्मनांना दाखवलं, पुन्हा तसंच आत सरकवलं आणि सगळं इंग्रजांना साळसूदपणे परत केलं. लंडनमध्ये कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा दिसलं की तो ओला होऊन पुन्हा दुमडला गेला आहे. मोहोर शाबूत आणि घडी वेगळी! होम्सला आवडला असता असा हा धागा. हिटलरनं फ्रान्समधलं रणगाड्यांचं एक पँझर डिव्हिजन ग्रीसकडे धाडलं आणि १० जुलै १९४३ रोजी दोस्तांचं सैन्य सिसिलीवर उतरलं. तिथूनच इटलीची लढाई सुरू झाली. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे त्याच मोहिमेत, बरोबर एक वर्षानं, १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युरोपातली गोष्ट म्हणून आपण वाचतो, पण तिच्या पोटात आपली माणसं असतात.

आता ही हकिकत लोकांना कळली कशी ते नीट वाच, कारण तुला नॉनफिक्शन कसं वाचावं हे मला त्यातूनच सांगायचं आहे. १९५० साली डफ कूपर या माजी मंत्र्यानं ती कादंबरी म्हणून लिहिली. सरकार अस्वस्थ झालं. मग इयन कोल्विन हा पत्रकार माग काढत निघाला. तेव्हा भलत्याच्या हातून उघड होण्यापेक्षा आपल्याच माणसानं सांगितलेली बरी, म्हणून मॉन्टेग्यूंना परवानगी मिळाली आणि १९५३ साली त्यांचं पुस्तक आलं. वाचायला ते अप्रतिम आहे. पण त्यात चमलींचं नाव नाही, ते ‘जॉर्ज’ म्हणून वावरतात. आणि देह कुणाचा, तर म्हणे न्यूमोनियानं गेलेल्या एका तरुणाचा, नाव कधीच सांगणार नाही या अटीवर नातेवाइकांच्या संमतीनं घेतलेला.

१९९६ साली एका हौशी संशोधकाला जुन्या सरकारी दप्तरात नाव सापडलं: ग्लिंडर मायकेल. वेल्समधल्या खाणींच्या मुलखातला, आई-वडील दोघंही गेलेले, लंडनमध्ये बेघर. जानेवारी १९४३मध्ये उंदराचं विष पोटात जाऊन तो मेला होता. चौतीस वर्षांचा. १९९८ साली वेल्वाच्या थडग्यावर मेजर मार्टिनच्या नावाखाली त्याचं नाव कोरलं गेलं. त्यानंतर, २०१०मध्ये, बेन मॅकिन्टायर यांनी खुले झालेले कागद आणि मॉन्टेग्यूंच्या घरी राहिलेली कागदपत्रं वापरून सगळं नव्यानं लिहिलं.

इतक्या वर्षांत घटना बदलली नाही. सांगणारा बदलला आणि सांगण्याची मुभा बदलली. म्हणून नॉनफिक्शन हातात घेतलंस की पहिलं पान उघडण्याआधी पुस्तक कोणत्या साली निघालं ते पाहा, लेखक त्या घटनेत कुठे उभा होता ते शोध, आणि मागच्या टिपा चाळ. वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेव: हे याला कसं कळलं? ‘तो खिडकीबाहेर पाहत विचार करत होता’ असं वाक्य आलं की थांब. डायरी आहे? पत्र आहे? मुलाखत आहे? नसेल तर ते वाक्य लेखकाच्या पदरचं आहे. ते वाईटच असतं असं नाही, पण तुला ते ओळखता आलं पाहिजे. तुझी ती दोन पुस्तकं अर्ध्यावर सुटली त्याचं कारण मला वाटतं हेच, तू ती पाठ्यपुस्तकासारखी मुकाट्यानं वाचलीस. त्यांच्याशी भांडून वाच, मग रात्री दिवा मालवणार नाहीस.

आपल्या देशातल्या हेरखात्यांविषयी वाचताना ही सवय दुप्पट लागेल. २०२१ साली पेन्शनच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या कामाच्या क्षेत्राविषयी काही छापायचं तर आधी परवानगी घेणं बंधनकारक झालं. म्हणजे जे हातात येईल ते गाळून आलेलं असणार, आणि काय गाळलं असेल याचा अंदाज आपणच बांधायचा. जुन्या काळाकडे वळल्यावरही तेच. बहिर्जी नाईकांवर कादंबऱ्या भरपूर आहेत, लेखी पुरावा मात्र अगदी थोडा. कादंबरी आवडीनं वाच, मीही वाचते. फक्त त्यातला प्रसंग भाषणात इतिहास म्हणून सांगू नकोस. आपल्या माणसांविषयी आदर असेल तर त्यांच्याबद्दल तरी खरं काय ते निवडून बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या सुट्टीत आधी मॉन्टेग्यूंचं पुस्तक वाच, मग मॅकिन्टायर यांचं. क्रम उलटा करू नकोस. दोन्ही इंग्रजीत आहेत, अडलं तर शब्दकोश घेऊन बस, घाई नाही. पहिलं वाचताना जिथे जिथे ‘इथे काहीतरी लपवलंय’ असं वाटेल ते पान क्रमांकासह वहीत टिपून ठेव. वाचनालयाच्या प्रतीवर खुणा नकोत. दुसरं पुस्तक संपलं की आपली टिपणं त्याच्याशी ताडून पाहा आणि ती वही मला पाठव. जिथे तुझा संशय चुकला असेल ती पानं खोडू नकोस, मला ती आधी वाचायची आहेत.

तुझ्या
बाई